गोड विहिरीवरचा लाल पट्टा

आई, तुझी विहीर मी नापास केली. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी. आश्रमशाळेच्या मागच्या उतारावरची, जांभळाखालची, जिच्या पाण्याशिवाय तू कधी डाळीचं आधण ठेवलं नाहीस, तीच. आमच्या अहवालात दोन रकाने असतात, एक पिण्याचा आणि एक शेतीचा. शेतीच्या रकान्यात मी ‘उत्तम’ लिहिलं, पिण्याच्या रकान्यात ‘अयोग्य’ लिहिलं आणि खाली सही ठोकली. नेहमीसारखी, एका झटक्यात. ती एवढी सहज झाली याचीच चीड येते आहे. कर्जतशेजारच्या भिसेगावातल्या आपल्या घरच्या स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे आणि आत्तापर्यंत तीनदा उठले. एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा उगाचच, आणि एकदा खिडकीतल्या नमुन्याच्या बाटल्या मोजायला. त्या चारच होत्या, चारच आहेत. तू असतीस तर म्हणाली असतीस, एका जागी बूड टेकत नाय या पोरीचं.

आठवतं का, मी अकरा वर्षांची आहे आणि तू आश्रमशाळेत पोरांचा स्वयंपाक करतेस. शाळेच्या अंगणात नुकतं बोअर पडलंय, त्याला हातपंप बसवलाय, आणि दांडा दाबला की पाणी येतं याचं आम्हाला कोण कौतुक! उतारावरून हंडा वर आणायचा म्हणजे मान मोडते. तू भाजी आणायला कशेळ्याच्या बाजाराला गेलीस, जाताना मला सांगून गेलीस की मोठ्या पातेल्यात विहिरीचं पाणी ओत. मी पंपाचं ओतलं. कोणाला कळतंय? तू आलीस, डाळ टाकलीस, आणि डाळ शिजेना. लाकडं सरली तरी दाणा तसाच टणक. पोरं ताटल्या घेऊन ओळीनं बसलेली, त्यांच्या ताटल्या वाजायला लागलेल्या. तू मला मारलं नाहीस. पळीभर डाळ माझ्या हातावर घातलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, “चाव. कशी लागते सांग पोरांना.” मी चावत राहिले, रडत राहिले. मग तू वाकून हळूच म्हणालीस, “पाण्याला न इचारता आधन ठेवलंस व्हय गं?” पाण्याला विचारायचं म्हणजे काय ते त्या दिवशी संध्याकाळी तू दाखवलंस. तुझं ते पितळी फुलपात्र भरायचं, घोट तोंडात फिरवायचा, जिभेच्या मागे नेऊन थुंकायचा. मग चिमूटभर डाळ वेगळ्या भांड्यात शिजवून बघायची. पंपाचं पाणी जड, विहिरीचं गोड. तुझा अहवाल तेवढाच असायचा, आणि शाळेजवळची अख्खी वाडी तो मानायची.

मला नोकरी लागली ती पार वाळवंटात, पश्चिम राजस्थानात, जमिनीखालचं पाणी तपासायची. गाडीत बसवताना तू मला ते फुलपात्र दिलंस. मला खरं तर डबा हवा होता, लाडवांचा. मी तोंड वाकडं केलं तेव्हा म्हणालीस, “लाडू संपतील, पानी चाखायचं तोंड ऱ्हाईल.” तिथे कळलं की पाण्याची चव ही किती मोठी गोष्ट असते. कोसावर कोस खारं पाणी. एखाद्या वस्तीची विहीर गोड निघाली की लोक तिच्याबद्दल घरच्या सुनेबद्दल बोलावं तसं बोलायचे. पहिल्याच महिन्यात एका म्हाताऱ्यानं मला त्याच्या विहिरीवर नेलं. मी बाटल्या भरल्या, आणि मग ऐटीत तुझं फुलपात्र काढलं, घोट फिरवला आणि सांगून टाकलं, बाबा, मस्त गोड आहे, खुशाल प्या. त्यानं मला ताक पाजलं. तीन आठवड्यांनी तपासणी होऊन आली तर त्या पाण्यात फ्लोराइड भरलेलं. त्याला चव नसते, वास नसतो, ते दातांवर तपकिरी पट्टे पाडतं आणि पुढे हाडं वाकवतं. मी परत गेले तेव्हा पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याच्या नातवंडांच्या दातांकडे नीट पाहिलं. पहिल्या खेपेला ती माझ्याकडे बघून हसली होती गं, तोंडभर हसली होती, आणि मी पाणी चाखत होते! म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, “मग आता काय प्यायचं?” आसपास दुसरं पाणी नव्हतं. मी विहिरीवर लाल पट्टा मारला, कारण तिथे लाल रंग म्हणजे पिऊ नका, आणि जीपमध्ये जाऊन बसले. तुला पत्रात हे कधी कळवलं नाही. पुढची कितीतरी वर्षं तिथेच काढली. कुठल्या पाण्यानं माती दगडासारखी घट्ट होते, कुठल्या पाण्यावर जिरं येत नाही पण बाजरी तग धरते, ते सगळं शिकले. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर काही सापडलं नाही.

तू गेलीस त्याला आता बारा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी मी कायमची परत आले आणि खालापूरकडच्या एका छोट्या प्रयोगशाळेत लागले. उन्हाळा लागायच्या आधी वाड्यांवरचे नमुने येतात, त्यात तुझ्या विहिरीची बाटली आली. नायट्रेट, म्हणजे मैल्यातून आणि खतातून पाण्यात उतरणारा क्षार, एवढं निघालं की मला वाटलं बाटली कोणीतरी नीट धुतली नसेल. स्वतः गेले. कर्जतहून जीपनं कशेळे, पुढे चालत. आई, तू ओळखणार नाहीस. उताराच्या वरच्या अंगाला बंगलेच बंगले झालेत, शनिवार-रविवारी भरणारे, आणि प्रत्येकाच्या मागे संडासाचा शोषखड्डा. त्यातलं सगळं मुरत मुरत खाली येतं ते तुझ्या विहिरीत. पाणी अजून काचेसारखं आहे. आणि विहिरीभोवती दुधी, कारली, वाल असे माजलेत की बघत राहावं. माजणारच, त्यांना फुकटचं खत मिळतंय. वाडीतली एक सून कौतुकानं मला तो मांडव दाखवत होती आणि तिच्या कडेवर दोन महिन्यांचं बाळ होतं. बोलता बोलता म्हणाली, दूध पुरत नाही, म्हणून कशेळ्याहून पावडरचा डबा आणते. मी विचारलं, कालवते कशात? “याच हिरीच्या पाण्यात,” ती म्हणाली, “पण उकळून हां ताई. चांगलं खळखळा उकळते.” मी बाळाची नखं बघितली. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, पाणी आटलं की उलट दाट होतं. आणि एवढ्याशा बाळाच्या रक्ताला ते झेपत नाही, अंग निळं पडतं, श्वास पुरत नाही. बाळाला अजून काही झालेलं नव्हतं. गुलाबी होतं, माझ्या पदराशी खेळत होतं. मला ते तसंच राहायला हवं होतं, बास.

शाळेच्या अंगणातल्या त्या जुन्या बोअरचं पाणी मी तीन वेळा तपासलं. जड आहे, पण स्वच्छ आहे, बाळाला चालेल. म्हणजे या वेळी माझ्याकडे उत्तर होतं! मी हुरळले. वाडीतल्या बायकांना गोळा करून समजावलं, विहिरीच्या कठड्यावर हातभर रुंद लाल पट्टा मारला, आणि वाळवंटातलं जुनं काहीतरी फिटलं अशा थाटात उतरले. दहा दिवसांनी पुन्हा गेले तर पट्ट्यावर हळदकुंकू, झेंडूची फुलं, खाली फोडलेला नारळ. आणि हंडे विहिरीवरच! शेजारी बसलेली म्हातारी मिश्री लावत माझ्याकडे बघून हसत होती. ही म्हणजे त्या सुनेची सासू आणि शाळेत तुझ्या स्वयंपाकघरात पाणी भरायची ती तुझी जोडीदारीण. मी वैतागून म्हटलं, अहो मावशी, हे काय? म्हणाली, “आता तूच शेंदूर लावलास नं बाय? आमी नुसता नारल फोडला.” मी म्हटलं, लाल म्हणजे पिऊ नका. “आगं, लाल रंगाला कोन नाय म्हनतं? वाघोबाला लाल, येशीवरच्या दगडाला लाल. नको म्हनायचं व्हतं तर कालं फासायचंस.” बायका खो-खो हसल्या. मलाही हसू आलं असतं, पण कोपऱ्यात ती सून बाळाला बाटली पाजत होती. एवढं शिकून आपल्याच गावचा रंग मला वाचता आला नाही.

मग मी म्हातारीलाच धरलं. त्या घरात तिच्या शब्दाबाहेर कोणी नाही. म्हटलं, बाकीचं नंतर बघू, पण नातवाला तरी बोअरचं द्या. तर ती एकदम गंभीर झाली. म्हणाली, “ज्या पान्यात डाल शिजत नाय, ते माज्या नातवाच्या पोटात काय शिजनार? तुज्या आयशीनं चाखून सांगितलंय, हीर गोड, बोअर जड. ती आमच्या पोरांना कधी वंगाल पानी दील का? तुजी आयस खोटी का तुजा कागद खोटा, तूच सांग.” तू खोटी नव्हतीस. तू चाखलंस तेव्हा वर बंगले नव्हते. पण हे बोलायला गेले तर ती म्हणणार, मग चव बदलायला हवी होती, आणि चव बदललेलीच नाही. मी कागद दाखवला, आकडे वाचून दाखवले, वाळवंटातली पोरं सांगितली. ती मान हलवत ऐकत होती, एखाद्याचं गाऱ्हाणं ऐकावं तशी. माझं डोकं फिरलं. बाळाची बाटली अर्धी झाली होती. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आईनंच सांगितलंय. जायच्या आधी, दवाखान्यात. म्हणाली, माझ्या मागं लहान पोरांना बोअरचं द्या म्हणावं, हिरीचं आता ऱ्हायलं नाय.”

म्हातारीनं मिश्रीचा हात पदराला पुसला आणि विचारलं, “अशी बोलली ती?” मी हो म्हटलं. “मंग एवडे दिस सांगितलं का नाय?” मी म्हटलं, मी इथे नव्हते ना, आणि आल्यावर आधी तपासून घेतलं. ती उठली, सुनेच्या हातातली बाटली काढून घेतली, दूध दुधीच्या बुडात ओतलं, आणि स्वतः पंपावर जाऊन दांडा हापसायला लागली. दम लागेपर्यंत हापसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, म्हणत होती, “मरताना पन पोरांचाच इचार गं बायचा.” त्यानंतर मी दोनदा जाऊन आले. बाळासाठी वेगळी कळशी केली आहे, तिच्या गळ्याला चिंधी बांधली आहे, तिला दुसरं पाणी कोणी लावत नाही. बाळ चांगलं आहे, बाळसं धरलंय. आता तर बाकीच्या घरांतही पंपाचंच पितात, डाळ तेवढी विहिरीच्या पाण्यात शिजवतात, तिथे माझं अजून चालत नाही. आणि जो तो तुझं नाव सांगतो.

खरं काय झालं ते फक्त आपल्या दोघींना ठाऊक आहे. मी वाळवंटातून धावत आले तेव्हा तू कर्जतच्या दवाखान्यात होतीस, बोलायचं बंद झाल्यातच जमा. ओठ सुकलेले. मी सीलबंद बाटलीतलं पाणी चमच्यानं घातलं तर तू तोंड फिरवलंस आणि म्हणालीस, “हिरीचं आन.” एवढंच. ते तुझं शेवटचं बोलणं. जीपनं तासाभराचं काम होतं. मी आणलं नाही. न तपासलेलं पाणी आजारी माणसाला कसं द्यायचं, असं म्हणाले मी. तेव्हा ते तपासायची काही गरज नव्हती गं! आणि तू मागितलंस तेच पाणी तू नको म्हणालीस असं मी आता सगळ्या वाडीला सांगून बसले आहे. बाळ वाचलं म्हणून मला पश्चात्ताप होत नाही, आणि होत नाही म्हणून झोप लागत नाही. शिवाय उद्या बोअर बिघडलं तर? बंगले वाढतच आहेत, मुरायचं ते खोल मुरणारच. तेव्हा तुझ्या नावानं दिलेला शब्द मोडायला मी कोणाचं नाव घेऊ?

म्हातारीला हे सांगायला हवं, तिला वाचता येत नाही, वाचून दाखवायला हवं. ते माझ्याच्यानं होणार नाही, म्हणून हे कागद इथेच डब्यात राहतील. एक मात्र सांगते. परवा उतरताना बायका घरात गेल्यावर मी जांभळाखाली थांबले. पोहरा टाकला, तुझं फुलपात्र भरलं, घोट तोंडात फिरवला, जिभेच्या मागे नेला. थुंकायचा होता. गिळला.

गोड होता गं.