चिंबोरीचा ढिला पंजा

आई, मी दिल्लीला जाऊन आलो. विमानाने. विक्रोळीच्या आपल्या खोलीवरून विमान खाली खाली जायला लागलं की मी दारात धावायचो आणि तू डोकं वर न करता म्हणायचीस, "तुका न्हेवक इला काय ता?" तर या वेळी न्यायला आलं होतं, असं समज. तिकीट शाळेने काढलं. सोबत चार मुली, शाळेच्या एक बाई आणि एका खोक्यात स्पंजमध्ये गुंडाळलेली आमची चिंबोरी. चिंबोरी म्हणजे रोबो. खेकड्यासारखा पंजा म्हणून हे नाव मुलींनी ठेवलं, मी यंत्राला नाव ठेवण्याच्या विरुद्ध होतो. पुढे तीन बोटांचा पंजा, मागे चार चाकं, मध्ये कॅमेरा. गटाराच्या चेंबरमध्ये दोरीने सोडायची, वर उभं राहून पडद्यावर बघायचं आणि तुंबलेला कचरा पंजाने उचलून काढायचा, म्हणजे आत माणूस उतरायला नको. संसद भवनापासून जवळच एका सभागृहात देशभरातल्या शाळांचे असे रोबो टेबलांवर मांडले होते आणि खासदार एकेका टेबलापाशी येऊन बघत होते. स्पर्धा नव्हती, बक्षीस नव्हतं. जे कायदे करतात त्यांच्यासमोर दोन मिनिटं बोलायला मिळणार, एवढंच. पण ते एवढंच नसतं, हे मला उशिरा कळलं.

तू गेलीस त्याला एकवीस वर्षं झाली. तेव्हा मी दुसऱ्याच्या दुकानात टीव्ही उघडत होतो. आता घाटकोपरला माझा स्वतःचा गाळा आहे. मोठ्या कारखान्यांतल्या मशीनची कंट्रोल कार्डं, म्हणजे आतले सर्किट बोर्ड, माझ्याकडे दुरुस्तीला येतात, कंपनीच्या इंजिनियरने हात टेकले की येतात. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, थोडी फुशारकी आहे. बारावीनंतर मी कुठल्या वर्गात बसलो नाही, जे आलं ते जळकी कार्डं आणि रद्दीतली मॅन्युअलं यांतून आलं. म्हणूनच असेल, अर्धवट काम मला बघवत नाही. सोल्डरिंगचा एक थेंब वाकडा पडलेला दिसला तरी मी तो काढून पुन्हा टाकतो, गिऱ्हाईक उभं असलं तरी. शाळेच्या मुख्याध्यापिका एकदा पंपाचं कार्ड घेऊन आल्या आणि म्हणाल्या, आमच्या मुलींना शिकवाल का शनिवारी? मी हो म्हटलं. लग्न केलं नाही, घरी वाट बघणारं कुणी नाही, तुला त्याचं वाईट वाटायचं. शनिवार असा भरला.

पंजा केला तो एका मुलीने. नववीत आहे. तिचे वडील महापालिकेत, मलनिस्सारणाच्या कामावर. पहिल्या दिवशी बाकीच्या मुली कागदावर गोल गोल दगड नि बाटल्या काढत होत्या, तर ही म्हणाली, "सर, आत दगड नसतात ओ. पप्पा सांगतात, चिंध्या असतात, केस असतात, प्लास्टिकचे दोर झालेले असतात. हात घातला की हातालाच गुंडाळतात." तेव्हाच मला कळायला हवं होतं की या विषयात ती माझ्यापुढे आहे. तिने पंजाची तिन्ही बोटं ॲल्युमिनियमच्या पट्टीची केली, सायकलच्या ब्रेकची तार ओढून ती मिटायची. बोटांच्या सांध्यांत तिने जुन्या चपलेच्या रबराच्या चकत्या घातल्या होत्या. बोटं डुगडुगायची. दोन मिलिमीटर तरी हलायची, मी मोजली होती. मी म्हटलं, "हे काय गं, म्हाताऱ्याच्या दातांसारखं?" सगळ्या हसल्या. ती पण हसली नि म्हणाली, "ढिलंच असू दे सर. मुद्दाम आहे." मी मनात म्हटलं, ज्याला घट्ट जमत नाही तो मुद्दाम म्हणतो. मीही या वयात म्हणायचो.

जायच्या आदल्या दिवशी शाळा अर्धी होती. मुली दुपारीच बॅगा भरायला घरी गेल्या. मी चिंबोरी खोक्यात ठेवायला घेतली आणि ती तीन बोटं माझ्यासमोर डुगडुगली. खासदारांसमोर हे? मी ती गाळ्यावर आणली. शेजारच्या लेथवर पितळेचे छोटे बुश, म्हणजे पिनेवर घट्ट बसणाऱ्या नळ्या, कातले, चकत्या काढल्या, बुश बसवले, पिना नवीन टाकल्या. तीन तास लागले. झाल्यावर बोट धरून हलवलं तर केसभर हलेना. आई, इतकं सुरेख काम माझ्या हातून वर्षभरात झालं नव्हतं. आणि त्याच आठवड्यात मी एका फॉर्मवर सही केली होती, सर्व भाग विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने बनवले आहेत म्हणून. ती सही मला त्या तीन तासांत एकदाही आठवली नाही, असं लिहिणार होतो. आठवली होती. मी म्हटलं, बुश म्हणजे काय भाग आहे? दुरुस्ती आहे.

दिल्लीत टेबल लावताना तिने पंजा हातात घेतला. एक बोट हलवून बघितलं, मग दुसरं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, खूश झाली असेल, लाजत असेल. असा मी माणूस.

तिचं भाषण पाठ होतं. भाषण कसलं, चार वाक्यं, हिंदीतली. विमानतळावर, बसमध्ये, जेवताना, ती तीच चार वाक्यं म्हणत होती आणि बाकीच्या तिघी तिला हिंदीवरून चिडवत होत्या. "अगं, उतरते हैं म्हण, उतरता है नाही. पप्पा म्हणजे आदराने बोल." "घरी आदराने नाही बोलत, इथे कशाला?" "खासदार काय म्हणतील, मुंबईची पोरगी बापाला अरेतुरे करते!" मी पण हसत होतो. वाक्यं अशी होती: मेरे पप्पा चेंबर में उतरते हैं. मना है, फिर भी उतरना पडता है. अंदर क्या होता है, वो उन्होंने मुझे बताया. इसलिए ये पंजा ऐसा है. यात शेवटच्या वाक्यावर ती पंजा हातात धरून बोटं हलवून दाखवणार होती.

आमच्या टेबलावर एक खासदार बाई आल्या. उंच, सुती साडी, बोलणं मोकळं. मागे दोघं तिघं फोटोवाले. मुलींनी पुठ्ठ्याचा चेंबर केला होता, बाईंनी स्वतःच्या हातातली पाण्याची रिकामी बाटली त्यात टाकली. चिंबोरी आत उतरली, पंजा टक्क मिटला, बाटली वर आली. टाळ्या पडल्या. बाईंनी वाकून सांध्याकडे बघितलं आणि तिला विचारलं, "वाह. ये जोड किसने बनाया, बेटा? तुमने?" आणि ती म्हणाली, "सर ने. मेरावाला ढीला था."

आमच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मग खासदार बाई मोठ्याने हसल्या. "अच्छा! तो असली इंजिनियर ये हैं!" माझ्या खांद्यावर हात ठेवला. कहाँ से पढे हैं, विचारलं. मी म्हटलं, "कहीं से नहीं. खुद से." त्या मागे वळून लोकांना म्हणाल्या, देखो, खुद से सीखे हैं. फोटोवाले पुढे आले. आणि मी बोलायला लागलो. बुश कसा कातला, पितळच का, पिनेला किती जागा सोडली, सगळं. मला कुणी कधी विचारलं नव्हतं ना गं. गिऱ्हाईक विचारतं, कधी मिळेल. मी बोलत राहिलो आणि बाई मान डोलवत ऐकत राहिल्या आणि मग कुणीतरी त्यांच्या कानाशी लागलं, त्यांनी हात जोडले, पुढच्या टेबलाकडे गेल्या. ती पोरगी पंजा हातात धरून उभी होती. मेरे पप्पा एवढे दोन शब्दसुद्धा तिच्या तोंडातून निघाले नाहीत. फोटोत तिचा नुसता कोपर आहे.

गर्दी पांगल्यावर तिने पिशवीतून एक डबा काढला. त्यात वडिलांच्या जुन्या पँटीची फाडलेली चिंधी, पाण्यात भिजवलेली. ती घरून आणली होती, दाखवायला. तिने ती चेंबरमध्ये टाकली आणि चिंबोरी सोडली. पंजा मिटायला गेला, चिंधी बोटांच्या सांध्यात शिरली आणि माझी केसभर न हलणारी बोटं जिथल्या तिथे अडकून बसली. मोटर घुरघुरत राहिली. ढिली असती तर बोटं कलली असती, चिंधीसकट मिटली असती. मला ते बघताक्षणी समजलं, तिला काही सांगावं लागलं नाही. तिने बॅटरी काढली. येताना विमानात ती खिडकीपाशी बसली होती, बाकीच्या तिघी ढग बघायला तिच्या अंगावर पडत होत्या आणि ती त्यांना जागा देत होती.

आई, हे मी तुझ्याशी पण केलं होतं. मी एकोणीस वर्षांचा, तू ट्रान्सफॉर्मरच्या गाळ्यात कॉइल गुंडाळायचीस, मी त्याच गाळ्यात टेस्टिंगच्या टेबलावर. सात बायका, प्रत्येकीचा दोरा वेगळ्या रंगाचा. गुंडाळून झालेल्या कॉइलला आपला दोरा बांधायचा, म्हणजे बिघडलेली कॉइल जिची तिला परत जाते. दुसरीने ती उघडायची नाही, हा तुम्हा बायकांचा कायदा होता, मालकाचा नव्हे. तुझा दोरा पिवळा. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि पिवळ्या दोऱ्याच्या कॉइली माझ्या टेबलावर नापास व्हायला लागल्या होत्या. एका जेवणाच्या सुट्टीत मी तुझी एक कॉइल उघडली, नव्याने गुंडाळली, पिवळा दोरा बांधून पास केली. तू ती दुपारी हातात घेतलीस. तू कॉइलवर गुंडाळायच्या कागदाची शेवटची घडी डावीकडे घालायचीस, मी उजवीकडे घातली होती. मी अजून बघतो, तू दोरा सोडतेस, कॉइल सुपरवायझरच्या टेबलावर ठेवतेस, "ही माझी न्हय." तो हसतो. तू परत येऊन स्टुलावर बसतेस.

घरी येताना तू पुढे चाललीस, मी मागे. नाक्यावर थांबून एवढंच म्हणालीस, "माझो दोरो कोणाच्या कामाक बांधलंस रे? माका कळूचा नाय असा वाटला तुका?" चार दिवस तू मला वाढत होतीस आणि बोलत नव्हतीस. पाचव्या दिवशी भाकरी टाकता टाकता म्हणालीस, "चूक माझी होती मा. ती पण काढून घेतलंस." पुढच्या महिन्यात तू काम सोडलंस. मी सगळ्यांना सांगत फिरलो, आईला मीच म्हटलं आता आराम कर. तू ते ऐकायचीस नि भाकरी थापत राहायचीस.

तीन शनिवार ती आलेली नाही. पहिल्या शनिवारी मी विचारलं तर तिची मैत्रीण म्हणाली, "ती नाही येणार सर. म्हणते, चिंबोरी आता सरांची आहे." दुसरी तिला कोपराने ढोसत होती, गप ना यार. शाळेत जिन्याखाली माझा आणि खासदार बाईंचा फोटो लावलाय, मोठा करून. मुख्याध्यापिका माझा सत्कार ठेवायचा म्हणताहेत. बुश मी काढून टाकलेत. चकत्या कपाटात होत्या, त्या परत बसवायला घेतल्या, पण कुठली चकती कुठल्या बोटाची ते तिलाच माहीत. मी लावून बघितल्या, बोटं वेडीवाकडी मिटतात. एवढं मोजमाप करणारा माणूस, तीन चकत्या मला लावता येत नाहीत. मुली खोलीत असतात तोवर बरं असतं. त्या गेल्या की मी पंजा पुढ्यात घेऊन बसतो आणि शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहतो.

परवा तिचे वडील मला मार्केटमध्ये भेटले. मासे घेत होते. मला बघून पिशवी खाली ठेवली, हात पुसले. "सर, पोरीचं काय चुकलं का? काढलं का तिला? ती काय बोलत नाही. काय आगाऊपणा केला असेल तर सांगा, मी समजावतो." मासेवाली पण माझ्याकडे बघत होती. आणि मी म्हणालो, "नाही नाही. अभ्यास असेल तिला." ते म्हणाले, "नाही सर, काहीतरी केलंच असणार तिने," आणि मान खाली घालून उभे राहिले. मी तिथून निघालो. म्हणजे तिचं बोलणं मी घेतलं, तिचं काम घेतलं आणि आता माझी चूक तिच्या घरी पोचवून आलो. घरी जाऊन ते तिला काय बोलले असतील, हे मला सुचू नये म्हणून मी सकाळपासून एक जुनं कार्ड उघडून बसलो होतो.

आज रविवार आहे. चार वाजलेत. त्यांची चाळ इथून दहा मिनिटांवर आहे, दारातल्या निळ्या पिंपावरून ओळखू येते, मी दोनदा समोरून गेलोय. दुपारी मी हा कागद काढला तो तिच्यासाठी काढला होता. वर तिचं नाव लिहायचं, खाली, मी चुकलो, तुझ्या वडिलांना मी येऊन सांगतो, एवढंच. तीन ओळींचं काम. पेन टेकवलं आणि आई लिहिलं गेलं, मग पुढचं सगळं सुचत गेलं. हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणूनच सुचलं. तुला लिहायला हिंमत लागत नाही.