दुसऱ्या खणातलं कार्ड

५ डिसेंबर, शुक्रवार
सकाळी पेज अर्धी वाटी. एकदाच ठसका. बीपी ठीक. फिजिओवाली मुलगी म्हणाली, "काका आज छान उभे राहिले." छान म्हणजे तिने आणि मी दोन्हीकडून बगलेत धरलं तेव्हा. असो.

दुपारी ह्यांनी डाव्या हाताने कपाटाकडे दाखवलं. "अगं." मला वाटलं शाल. शाल दिली. "नको." स्वेटर. "नको." गणपतीत अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून हे दोनच शब्द उरलेत, अगं आणि नको. सगळा संसार त्यात भागवायचा. शेवटी खालच्या कप्प्यातून कॅमेऱ्याची बॅग काढली, तेव्हा हात खाली आला.

गुढीपाडव्याला घेतलेला नवा मिररलेस कॅमेरा. घेतला तोवर नांदूरचे पाहुणे पक्षी परत गेले होते. म्हणाले होते, आता थंडीत बघू. थंडी आली, आणि हे असे.

"रविवारी मी जाऊन येते," म्हटलं. हसले. हल्ली अर्ध्या तोंडाने हसतात.

७ डिसेंबर, रविवार
नांदूर मध्यमेश्वर. ह्यांचं बघायला येणाऱ्या लताबाईंना जवळ बसवून गेले. एकटी पहिल्यांदाच. शेजारच्या सीटवर थर्मास ठेवला होता, निफाडच्या वळणावर गडगडला म्हणून त्याला बेल्ट लावला. मग उगाच रडू आलं. धुकं तर इतकं की रडायचीसुद्धा सोय नाही, समोर बघावं लागतं.

शंकर धरणावरच होता. आमचा नेहमीचा गाईड. "काका नाय आले?" सांगितलं. त्याने कानटोपी काढली, परत घातली. मग म्हणाला, "मासेमार आलाय ताई. त्याच खांबावर बसतोय."

मासेमार म्हणजे ऑस्प्रे, मासे पकडणारा शिकारी पक्षी. ह्यांचा जुना हट्ट. वरून झेप घेतो तो फोटो आहे, मासा घेऊन लांब गेला तोही आहे. मासा धरून पाण्यातून वर येतो, तो नाही. जुना कॅमेरा नेमका तिथे कमी पडायचा. नवा घेतला तो त्या एका फोटोसाठी. तोंडाने वेगळी कारणं सांगितली होती, पण मला काय कळत नाही?

ऊन आल्यावर उडाला. हवेत एका जागी फडफडत राहिला. मी बटण दाबून धरलं, टकटकटकटक सुरू. तो खाली कोसळला आणि कॅमेरा थांबला. दाबतेय, दाबतेय, काही नाही. लाल दिवा नुसता लुकलुकतोय. तोवर स्वारी मासा घेऊन पलीकडच्या काठाला.

"मशीन बंद पडलं का काय?" शंकर.

फोटो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघायचे नाहीत हा आमच्या घरचा नियम. घरी यायचं, चहा घ्यायचा, मग टीव्हीवर, दोघांनी. आजही तसंच केलं. ह्यांना उशीला टेकवून बसवलं. पक्षी पाण्याच्या हातभर वर, पंख मागे, पाय पुढे. पुढचा फोटो नुसतं पाणी.

ह्यांनी डोळे मिटून घेतले.

८ डिसेंबर, सोमवार
मृणालचा पुण्याहून फोन. लेक कॉम्प्युटरवाली आहे, तिला विचारलं. "आई, कॅमेरा चांगलाय. तो भराभर फोटो काढतो, पण ते कार्डावर उतरायला वेळ लागतो. बाबांची कार्डं जुनी आहेत, स्लो. त्याचं पोट भरलं की तो थांबतो."

पोट नाही, तोंड. मी रोज बघते. पहिला घास गिळला नसताना दुसरा चमचा पुढे केला की हे ओठ मिटून घेतात. हे समजायला इंजिनिअर पोरगी कशाला हवी होती मला.

फास्ट कार्ड घ्यायचं. मासेमार फेब्रुवारीपर्यंत असतो. ह्यांचं कोण सांगणार. डॉक्टर 'बघू' म्हणतात, आणि तो शब्द मला ओळखीचा आहे, आईच्या वेळीही हेच ऐकलं होतं.

१० डिसेंबर, बुधवार
एम. जी. रोड. देसल्यांचं दुकान, ह्यांची जुनी ओळख. त्यांनी काउंटरवर कार्डं मांडली. सगळी सारखीच दिसतात आणि सगळ्यांवर भलेमोठे आकडे. सगळ्यात मोठा आकडा होता ते मी उचललं.

"मॅडम, तो आकडा कार्डावरून लॅपटॉपला घेतानाचा. तुम्हाला लिहितानाचा स्पीड पाहिजे. हे बघा, बारीक व्ही लिहिलंय. व्ही तीस, साठ, नव्वद. तेवढ्याच्या खाली जाणार नाही." त्यांनी भिंग दिलं. मोठ्या अक्षरात कौतुक आणि कामाचं ते बारीक अक्षरात. स्थळांच्या पत्रिकाही अशाच यायच्या.

मध्येच त्यांच्या आईचा सटाण्याहून फोन, एकदम अहिराणी सुरू. "हां माय, दुकानमाच शे." एवढा मोठा माणूस, आवाज एकदम लहान झाला.

व्ही नव्वद घेतलं. "जोडी घ्या मॅडम." दुकानदार जोडी घ्या म्हणणारच. एकच घेतलं. दुसऱ्या खणात जुनं आहेच की.

कॅमेऱ्यात कार्डांचे दोन खण आहेत आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरतो. ही ह्यांची शिस्त. भरतपूरला एकदा कार्ड बिघडलं, अख्खी सहल गेली, तेव्हापासून. बाकीचे लोक दारातून निघताना गॅस बंद केला का विचारतात. हे विचारायचे, "दोन आहेत ना?" परवा निघताना मीच मोठ्याने विचारलं आणि मीच हो म्हटलं.

१४ डिसेंबर, रविवार
परत तेच. झेप घेतली आणि कॅमेरा ठप्प. तीच जागा, तसाच लाल दिवा. नवं कोरं कार्ड! देसल्यांना मनात काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

शंकर म्हणाला, "ताई, काका असते तर…" आणि गप्प झाला. बरं झालं गप्प झाला.

टीव्हीवर दाखवावं की नाही? दाखवलं. ह्यांनी पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "अगं, अगं, अगं." काहीतरी सांगायचं होतं. काय ते कळेना. मी नुसती "हो, हो" म्हणत राहिले, लहान मुलाला म्हणतात तसं.

१५ डिसेंबर, सोमवार
संध्याकाळी वरण लावायला आत गेले. बाहेर येते तर कॅमेरा ह्यांच्या मांडीवर. डाव्या हाताने झाकण उघडून दुसऱ्या खणातलं कार्ड ओढून काढलं आणि माझ्यादेखत फेकलं. टीव्हीखाली जाऊन पडलं.

मी भडकले. "अहो, तुम्हीच ना मेले दोन-दोन करत होतात आयुष्यभर? आता काय झालं?" वाकून कार्ड काढलं, पुसलं, परत खणात घातलं. "नको!" म्हणाले. मीही म्हटलं, नको तर नको.

रात्री भिंतीकडे तोंड करून झोपले.

१७ डिसेंबर, बुधवार
आज पुन्हा. ह्या वेळी कार्ड पलंगाच्या फटीत. कॅमेरा कपाटावर ठेवून दिला, हात पोचणार नाही असा. डॉक्टर म्हणाले, ह्या आजारात चिडचिड होते, मनावर घेऊ नका. मृणालला फोनवर म्हटलं, "बाबा हट्टी पोरासारखे वागायला लागलेत."

फोन स्पीकरवर होता. ह्यांनी ऐकलं.

२१ डिसेंबर, रविवार
नांदूर नाही. ह्यांना खोकला, अंग कोमट. पेज नको, पाणी नको. कपाटावरच्या बॅगेकडे बघत पडून असतात. मी त्या बाजूला बघत नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार
ताप उतरला. लताबाई होत्या, म्हटलं तेवढ्यात कार्ड परत करून येऊ. कॅमेराही नेला, भांडायला पुरावा. देसल्यांनी ऐकून घेतलं, झाकण उघडलं आणि जुनं कार्ड बोटांत धरून माझ्यापुढे केलं.

"मॅडम, हे कशाला ठेवलंय? सेटिंगनुसार एकच फोटो दोन्ही कार्डांवर लिहायचाय. मग फास्टवालं स्लोवाल्यासाठी थांबून राहतं. म्हणून तर जोडी म्हणत होतो. नाहीतर हे काढून टाका आणि एकावर चालवा."

हे काढून टाका.

मी म्हटलं, "ह्यांनी काढलं होतं." देसल्यांना काही समजलं नाही. ते सेटिंग बदलत होते.

बाहेर येऊन स्कूटरवर बसले. दोनदा सांगितलं ह्यांनी. एका हाताने, तोंडात शब्द नसताना, जेवढं स्पष्ट सांगता येईल तेवढं स्पष्ट. आणि मी कार्ड पुसून परत आत घालत होते. त्यांचाच नियम त्यांच्यावर चालवत होते. वर लेकीला हे हट्टी पोर झालेत म्हणून सांगितलं. लाज वाटते लिहायला, पण लिहिते.

घरी आले, चपला न काढता तशीच पलंगावर बसले. "अहो, कळलं. दुसरं कार्ड." माझ्याकडे मान वळवली. मग "अगं," म्हणाले. जुनं अगं. पूर्वी चष्मा डोक्यावर असताना मी घरभर शोधायची तेव्हा म्हणायचे तसं.

विचारलं, "दुसरंही फास्ट आणू? देसले मागवून देतील."

"नको."

"एकच? आणि बिघडलं म्हणजे?"

हात हलवला. जाऊ दे.

२८ डिसेंबर, रविवार
नांदूर. एका कार्डावर. निघताना सवयीने तोंडात आलं, दोन आहेत ना. गिळलं. मासेमार दिवसभर पलीकडच्या काठाला. शंकर म्हणे, "मासं तिकडं सरकलंय. येईल परत." करकोचे मात्र खूप. ह्यांच्यासाठी मोजत बसले, मग मोजणं सोडून नुसती बघत बसले.

घरी येऊन म्हटलं, नाही मिळाला. ह्यांनी माझा हात थोपटला. आता हेच माझी समजूत काढणार म्हणजे.

३ जानेवारी, शनिवार
ठसका लागला, थांबेचना. ओठ निळसर. खालच्या मजल्यावरच्या पाटलांनी गाडी चालवली, मी मागे ह्यांना धरून. ॲडमिट. छातीत पाणी, कफ, काय काय सांगितलं. सही केली.

६ जानेवारी, मंगळवार
आयसीयू. नाकातून नळी. झोपेचं औषध देतात. मृणाल आली. भेट सकाळी अकरा ते बारा, एकालाच. तिने विचारलं, "तुला ओळखलं का गं आई?" हो म्हटलं. खरं म्हणजे डोळे उघडलेच नव्हते.

११ जानेवारी, रविवार
मृणाल म्हणाली, "आई तू जा. मी आहे इथे." मी म्हटलं, वेड लागलंय का, नवरा आयसीयूत आणि मी पक्षी बघायला? ती म्हणाली, "पक्षी बघायला नाही. तू कशासाठी जातेस ते मला माहीत आहे. बाबांनाही माहीत आहे."

गेले. रस्ताभर फोन मांडीवर. शंकरला काही सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही, नुसतं स्टूल पुसून दिलं.

आला. खांबावरून उडाला, आमच्या बाजूला. थांबला, फडफडला. मी बटण दाबलं. कोसळला. टकटकटक चालूच. पाणी उडालं. टकटकटक. पंख आपटत, मासा पायात आडवा धरून वर आला, अंग झटकलं, पाणी सगळीकडे. टकटकटक, थांबलाच नाही कॅमेरा. तो आमच्या डोक्यावरून गेला तरी माझं बोट बटणावरच होतं.

"घावला, ताई! घावला!" शंकर ओरडला. मग माझ्याकडे बघून एकदम लांब जाऊन उभा राहिला.

फोकस लागला होता का? माहीत नाही. डोळ्यांत पाणी होतं. मागच्या पडद्यावर बघितलं नाही. नियम.

सरळ दवाखान्यात. भेटीची वेळ संपली होती. वॉचमनने कॅमेऱ्याकडे बघितलं आणि "मावशी, आत शूटिंग अलाऊड नाही," म्हणाला.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. मृणालने नर्सबाईंना तिळगूळ दिला. त्यांनी कॅमेरा आत न्यायला परवानगी दिली, पण पाचच मिनिटं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत.

कानाशी वाकून सांगितलं. "अहो, मिळाला. मधला. कॅमेरा थांबला नाही." डाव्या हाताचं बोट हललं. नर्सबाई म्हणाल्या, तसं आपोआपही हलतं. असेल.

डोळे बंद. पाच मिनिटं पडदा त्यांच्या तोंडाकडे करून धरून उभी होते, बंदच ठेवलेला. डोळे उघडले असते तर लावणार होते.

बाहेर मृणाल म्हणाली, "आई, निदान लॅपटॉपवर तरी घेऊ दे. एकच कार्ड आहे. बिघडलं तर?" बरोबर आहे तिचं. तिच्या बाबांचीच मुलगी. पण लॅपटॉपवर घेताना दिसणार. मग ते मी आधी बघितले असं होईल. एकटीने. आजवर कधी बघितले नाहीत. "नको," म्हटलं.

मृणाल माझ्याकडे बघतच राहिली.

घरी येऊन बॅटरी चार्जिंगला लावली. कार्ड कॅमेऱ्यातच आहे, पहिल्या खणात. जुनं कार्ड टेबलावर पडलंय. दोनदा उचललं, दोनदा ठेवलं. उद्या अकराला कॅमेरा परत नेते.