तीस सप्टेंबर कोरा

राघवेंद्र सर,

लातुरात आपण दोघांनी सराव परीक्षेचं सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हा अट एकच होती: कुणीही फुकट घ्यावं, सुधारावं, पण सुधारलेलंही सगळ्यांना खुलं ठेवावं. तेच आता तुम्ही कुलूप लावून क्लासवाल्यांना विकून राहिलात. अट खोडली, माझं नावही खोडलं. लई राग आला.

काल भाचीनं तिच्या क्लासचं, याच सॉफ्टवेअरनं काढलेलं, वर्षाचं वेळापत्रक दाखवलं. रोज पेपर, अगदी दिवाळीतही. तीस सप्टेंबर तेवढा कोरा. त्र्याण्णवच्या भूकंपात माझी अम्मी गेली, म्हणून त्या तारखेला पेपर निघूच नये, अशी ओळ मी प्रोग्रामात घातली होती.

सर, ती तुम्हाला दिसलीच नाही, का दिसूनही हात लावला नाही?

वकिलाची नोटीस तयार आहे. तिच्यावर सही होईना, आणि हे पत्र पेटीत टाकवेना.

तुमच्या ओळींशेजारी ओळी लिहिणारी,
लुबना