तुमचा दुसरा देह

प्रिय अहो,

उद्या सकाळी गावाकडे, करमाडच्या शेतात तुम्हाला अग्नी देणार आहेत. दचकू नका. तुमचा देह ठरल्याप्रमाणे गेल्या आठवड्यातच मेडिकल कॉलेजला पोचला आहे आणि तिथंच आहे. उद्या जळणार आहे तो दुसरा. तिथं मी जावं की नाही, हे आज ठरवायचं आहे, आणि विचारायला तुमच्याशिवाय कोण आहे मला?

पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल सुमन नेहमी अर्धवट सांगते.

तुम्ही जन्मभर म्हणत आलात, हा देह म्हणजे मी नाही, हे मन म्हणजे मी नाही, मी या दोघांकडे बघणारा. औरंगपुऱ्यातल्या त्या हॉलमध्ये दर मंगळवारी तुम्ही हे शिकवायचात आणि लोक माना डोलवायचे. मग ते आपापल्या घरी जायचे आणि तुम्ही माझ्याकडे यायचात. ताप आला की डॉक्टरांना फोन करायचात, "देहाला ताप आहे." डॉक्टर बिचारे विचारायचे, "कुणाच्या?" शहागंजात चपला घ्यायला गेलो, तर तुम्ही म्हणालात, मला काही नको, पायांना हव्यात. तो दुकानदार काय म्हणाला आठवतं? "चाचा, पसंद तुम करते के पाँव करते?"

दळण आणायचं निघालं की तुम्ही नेमके साक्षी व्हायचात. जेवणाच्या ताटावर मात्र त्या साक्षीला मी कधी पाहिलं नाही.

एकदा मी विचारलं, मी आवडते का हो तुम्हाला? तुम्ही चांगला विचार केलात आणि म्हणालात, "मनाला फार आवडतेस." त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं नाही. तुम्ही तोंड वाकडं केलंत, तेव्हा म्हटलं, जिभेला अळणी लागली असेल, तुम्हाला काय त्याचं?

असो. देहदानाचं ठरवलंत, ते तुमच्या बोलण्याला धरूनच होतं. माझ्याकडून शब्द घेतलात की अग्नी नाही, दहावा नाही, तेरावा नाही. मी हो म्हटलं. तुम्ही समोर धडधाकट बसून पापड खात होतात, तेव्हा हो म्हणायला माझं काय जात होतं?

पण तुम्ही गेलात आणि कॉलेजची गाडी आली. दोन माणसं तुम्हाला स्ट्रेचरवरून जिन्यानं खाली न्यायला लागली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सांभाळून, त्यांची पाठ दुखते." ती माणसं थांबली. हसली नाहीत, हे त्यांचे उपकार. पुढचा जिना खरंच हळू उतरली.

आता सांगा, कुणाची पाठ? इतकी वर्षं मी जिला तेल चोळलं, ती तुमची नव्हती तर कुणाची होती? माझं लग्न झालं ते या टकलाशी, या घोरण्याशी, थंडीत माझ्या पांघरुणात घुसणाऱ्या या गार पायांशी. त्या बघणाऱ्याशी माझी गाठ कुणी घालून दिलीच नाही.

त्यात भाऊजी. तुमचे धाकटे भाऊ त्या दिवशी जालन्याकडे पाहुण्यांत गेले होते, फोन लागला नाही. आले तेव्हा गाडी गेलेली. दारातच बसले आणि म्हणाले, "वहिनी, दादाचं तोंड बी दिसलं नाय मला. लई घाई केली तुम्ही." मी तुमचंच त्यांना ऐकवलं, की भाऊजी, देह म्हणजे दादा नव्हेत. ते म्हणाले, "व्हय? मग मला खांद्यावर बसवून जत्रंला कोण न्यायचं?"

तुमच्या मंगळवारच्या मंडळींनी हे कधी विचारलं नव्हतं का?

शेवटी करमाडच्या गुरुजींनी तोड काढली. देह हाती नसेल तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देता येतो म्हणे. आपल्याला मूलबाळ नाही, म्हणून तो मान भाऊजींचा. झालं, अख्खी भावकी कामाला लागली. आज सकाळी मला बघायला बोलावलं होतं. गुरुजी सांगत होते, नुसता आकार पुरे. ऐकतंय कोण? एक जण म्हणाला, "पोट लई बारीक झालं. एवढा बारीक कधी व्हता का त्यो?" लगेच दुसऱ्यानं आणखी एक मूठ दर्भ खोचला. चुलतसासूबाई चष्मा लावा म्हणून अडून बसल्या. अहो, तुम्ही जन्मभर एक देह नाकारलात आणि गावानं तुम्हाला दुसरा करून दिला, तोही पहिल्यापेक्षा जाड!

मला हसू फुटलं. पदर तोंडाला लावला, तर सगळ्यांना वाटलं मी रडते आहे. बायका मला धरायला धावल्या.

तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "वहिनी, समदं हाय, पर दादा वाटंना. काय चुकतंय?"

मला बघताक्षणीच कळलं होतं. तुमचा डावा खांदा उतरलेला असायचा. मी वाकले आणि पुतळ्याचा डावा खांदा जरासा खाली दाबला. भाऊजी त्या दर्भाच्या पायांना धरून हुंदके देऊन रडले. मग मीही रडले, या वेळी खरं.

तेव्हा अहो, मी उद्या जाणार आहे. तुम्हाला दिलेला शब्द मोडून जाणार आहे. भाऊजींना आपल्या भावाला निरोप द्यायचा आहे, आणि मलाही द्यायचा आहे. तुम्ही म्हणायचात तसे सगळीकडे असाल, तर तिथंही असालच. गर्दीत मागं उभे राहा आणि बघा, नाहीतरी ते तुमचंच काम. रागवाल असं वाटत नाही, कारण रागवायला लागतं ते मनही आता तुमच्यापाशी नाही.

मोडल्या शब्दाच्या बदल्यात एक नवा देते. उद्या कुणी विचारलं, तर मनाला दुःख झालंय, असं मी म्हणणार नाही. मला झालंय, असं म्हणेन.

तुमच्या देहाची आणि मनाची बायको, उरलेल्याशी ओळख राहूनच गेली,

सुमन