उंदरांचं यकृत आणि माझं

प्रिय लंबू,

तुझा पत्ता मावशीकडून काढला. आधी ती नाहीच म्हणत होती, पण तिच्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊकच आहे.

मी अजूनही प्रयोगशाळेत उंदरांच्याच दिमतीला. यंदा आम्ही अर्ध्यांच्या खाद्यातून कोलीन काढून टाकलं. हा ब-जीवनसत्त्वांचा भाऊबंद. यकृतातली चरबी बाहेर धाडायला तो लागतो. नसला की माल गोदामातच साठतो. यकृत पिवळट पडतं, बोटांना तेलकट लागतं. कोलीन पुन्हा चारलं की काही आठवड्यांत चरबी उतरते. उंदरांचं नशीब, त्यांना कुणीतरी मोजून वाढतं. शेवटी कापतोच म्हणा.

बाबा दवाखान्यात आहेत. त्यांचं यकृत संपलंय. घरातल्या कुणाच्या यकृताचा तुकडा मिळाला तरच आशा आहे. आईचं वय बसत नाही. मी म्हटलं, त्यात काय, माझा घ्या. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं, माझ्याच यकृतात चरबी भरलेली. मी, जिला तू काडीपैलवान म्हणायचास! मी खुळ्यासारखं विचारलं, कोलीनच्या गोळ्या घेऊ का? त्या म्हणाल्या, उंदरांचं सगळं माणसांना लागू पडत नाही. आहार-व्यायामानं उतरेल, पण महिने जातील, आणि तुमच्या वडिलांकडे तेवढा वेळ नाही. मी थँक्यू म्हटलं आणि कामावर गेले. खाद्य तोललं, पिंजरे धुतले. रडू आलं नाही, अजून येत नाही. आतून सगळं बधिर झालंय आणि मला त्याचीच भीती वाटते.

आता उरलास तू. तू बाबांचं वर्कशॉप सोडून गेलास तेव्हा ते म्हणाले होते, पुन्हा तोंड दाखवू नकोस. ते मी विसरलेले नाही. तरी ये, निदान तपासून घे. नाही म्हणालास तर समजून घेईन, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहू? परवा तुझा विषय काढला तर बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. काल त्यांची नखं कापत होते, तेव्हा आपणहून विचारलं, लंबूचा रक्तगट कोणता गं? मी सांगितला. त्यांचाच आहे. त्यांनी दुसरा हात पुढे केला. मग म्हणाले, त्याला बोलावू नकोस, लहानपणापासून सुईला घाबरतो तो.

तुझीच,
ताई