साकव उंबरापाशीच

मुसफ्फा, अबुधाबी
९ फेब्रुवारी १९९६, शुक्रवार

सौ. सगुणावहिनीस उपेंद्रचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी मजेत आहे. बाबांचा खोकला थांबला असेल, दादाचं चिडणं थांबलं नसेल. आज सुट्टी म्हणून लिहायला बसलो. हे पहिलं पान दादाने वाडीच्या बैठकीत मोठ्याने वाचावं. दुसरं तुझं एकटीचं.

दादा लिहितो, यंदा वहाळ ओलांडायला लोखंडी साकव होणार, देवळापाशी. तिथं घालू नका. तिथले दोन्ही काठ मातीचे, दर पावसाळ्यात वहाळ तिथं कूस बदलतो. पोरं वर्गात असायची तेव्हा मी वहाळात असायचो, म्हणून सांगतो. सड्यावर सातवणीच्या मुळाशी तो निघतो तेव्हा माझ्या मनगटाएवढा. मग कातळावरून उडी, थेट घोडेकोंडात. कोंडातून गप्प बाहेर पडतो, करवंदीच्या जाळीतून सरपटतो, देवळापाशी हातपाय पसरतो, आणि मळ्यात शिरायच्या आधी उंबराला वळसा घालतो. तिथं दोन्हीकडे काळा कातळ. मधलं अंतर माझ्या लहानपणच्या दोन उड्यांचं, मधल्या धोंड्यावर एक पाय. पुढं मळा, मग खाडी, खलास!

साकव उंबरापाशी घाला. शंभर पावलं जास्त चालावं लागेल, पण वाहून जाणार नाही.

दादा म्हणेल, समुद्रापलीकडून अक्कल शिकवतो. तर ऐका. गेल्या महिन्यात फुजैराच्या डोंगरात रेलिंग लावायला गेलो होतो. तिथंही वहाळ आहे, पाणी सोडून सगळं आहे. आमचा फोरमन गनीभाई त्या धोंड्यांतच सामानाचा तंबू ठोकायला लागला.

मी म्हटलं, "गनीभाई, इधर नहीं. इधर से पानी जायेगा."

"कौन सा पानी, हबीबी? दो साल से नहीं आया."

"पत्थर देखो ना. सब एक तरफ लेटे हैं."

सगळे हसले. वैतागून त्याने तंबू वर नेला. तिसऱ्या दिवशी पाऊस! ट्रकच्या चाकाएवढे धोंडे लोळवत पाणी बरोबर त्याच जागेवरून गेलं. गनीभाई माझ्या पाठीत धपका घालून म्हणाला, "कौन से कॉलेज में पढ़ा है रे?"

म्हटलं, "सातवी नापास."

(दादा, इथं थांब. पान वहिनीला दे.)

वहिनी, उंबरापलीकडे सूर्यकांतकाकांकडची तीनच घरं. तीन घरांसाठी कशाला साकव, असं बैठकीत कुणीतरी म्हणेलच. मला काकांची मंजुषा आठवते. पाणी चढलं की दप्तर छातीशी धरून पलीकडच्या कातळावर उभी. मी अलीकडे, शाळेच्या अंगाला, कुर्ल्या पकडत. एकदा ओरडली, "मेल्या, तुला रस्ता आहे तर जा की!" सातवीच्या पावसाळ्यात तिची शाळा सुटली ती कायमची. मला रस्ता होता, तरी मी गेलो नाही. हे कुणाला बोललो नव्हतो.

शिमग्यानंतर कणकवलीची माणसं तिला बघायला येणार, हे तू शेळी व्यायल्याच्या बातमीखाली लिहिलंस. शेळीचं वाचून हसलो आणि पुढचं वाचून जेवलो नाही. मुद्दाम लिहिलंस ना गो?

तर आता उंबराकडे जा आणि तिला विचार. काकांना नंतर, आधी तिला. सांग, उपेंद्रची रजा मंजूर झाली, एप्रिलमध्ये येतोय, साकवाचं वेल्डिंग स्वतः करणार, कठड्यासकट. सांग की पहिल्यांदा त्याच्यावरून तिने चालायचं, मी अलीकडे उभा असेन. ती काय म्हणते ते तिच्याच शब्दांत कळव. शिवी दिली तर शिवीही लिही.

हो म्हणाली तर साकव उंबरापाशी. नाही म्हणाली तरी साकव उंबरापाशीच. दादाला तेवढं सोडू देऊ नकोस. त्या तीन घरांत अजून दोन पोरी आहेत, दप्तरवाल्या.

मधल्या धोंड्यावर एक पाय ठेवून उभा असलेला,
तुझा भावजी
उपेंद्र