यादीतली चौथी खानावळ

प्रिय नूतन,

त्या दिवशी तू फोन मधेच ठेवलास, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. कागदावर मला शेवटपर्यंत बोलता येईल. पत्र हाती पडेल तेव्हा उभ्या उभ्या वाचू नकोस, बसून वाच.

'रत्नागिरीत आलात तर कुठं जेवाल' ही तुझी यादी गेल्या दिवाळीत माझ्या मोबाईलवर तिघा-चौघांनी पाठवली. आमच्या भोरच्या कॉलेजात सगळ्यांना मी सांगत सुटले की ही माझी मैत्रीण, आंबवड्याची, पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. त्या यादीच्या भरवशावरच जानेवारीत आम्ही कॉलेजातल्या नऊ बायका टेम्पो ट्रॅव्हलर करून निघालो. प्रयोगशाळेतल्या माधुरीनं यादी छापून घेतली आणि वरंधा घाट उतरेपर्यंत ती मोठ्यानं वाचत होती. माझी थोरली बहीण साळूअक्का तिथंच असते, तरी मी येतेय हे तिला कळवलं नव्हतं. एकदम समोर जाऊन उभं राहायचं, असं मनात होतं.

यादीबद्दल आधी खरं ते सांगते. बंदराजवळच्या पहिल्या ठिकाणचे बांगडे तू लिहिलेस त्याहून चांगले होते. दुसऱ्या ठिकाणी तू लिहिल्याप्रमाणे एकच्या आत गेलो, तरी तासभर उभं राहावं लागलं आणि वडे गार मिळाले. तिसरीकडं मोदक फक्त गणपतीत करतात, हे तू लिहायला हवं होतंस, माधुरी हिरमुसली. एवढ्या तेवढ्या चुका कुणाच्याही होतात. त्यांच्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं.

चौथ्या ठिकाणाबद्दल तू लिहिलंस, 'मालकीणबाईंच्या सासूबाईंचं मसाल्याचं वाटप, तीन पिढ्यांची चव. स्वयंपाकघरात घरच्यांखेरीज कुणाचा हात लागत नाही, त्यामुळं सगळं शुद्ध.' माधुरीनं हे वाचलं तेव्हा मी हसले. अठरा वर्षं त्या स्वयंपाकघरात माझी अक्का राबते हे मला माहीत होतं, आणि ते तुला माझ्याहून जास्त माहीत होतं. दाजी गेले तेव्हा ते काम तूच तिला लावून दिलंस. तो उपकार आम्ही कधी विसरलो नाही. मला वाटलं, लिहिताना थोडं वाढवून लिहावं लागत असेल.

रविवारी दुपारी आम्ही तिथं बसलो. सुरमईचं कालवण आलं. पहिल्या घासालाच मला ओळख पटली. कांदा निखाऱ्यावर पार काळा होईस्तो भाजायचा, मग खोबऱ्यासोबत वाटायचा, ही किनाऱ्याकडची पद्धत नाही. आमची आई गुंजवण्याची, तिच्या माहेरी तसं करायचे. तीन पिढ्या तू बरोबर मोजल्यास, नूतन. पण त्या आमच्या आजीच्या, आईच्या आणि अक्काच्या.

जेवण झाल्यावर मी गल्ल्यापाशी गेले आणि मालकीणबाईंना म्हणाले, "साळूबाई ओव्हाळांना जरा बाहेर बोलवता का? मी त्यांची बहीण, भोरहून आले."

त्या म्हणाल्या, "आमच्याकडं साळूबाई आहेत, पण त्या ओव्हाळ नव्हेत. त्या आपल्या नूतनताईंच्या चुलती. आंबवड्याच्याच."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणाले, "नाही हो, त्या नूतनच्या नव्हेत, माझ्या. आमची घरं तिच्या घरापासून लांब, ओढ्यापलीकडं बौद्धवाडीत." एवढं सहज बोलून गेले आणि त्यांचा चेहरा पाहिला. तेव्हा अठरा वर्षांचं सगळं एका दमात माझ्या लक्षात आलं.

अक्का दारात येऊन उभी होती. हात पिठाचे, पदर खोचलेला. मी तिच्याकडं पाहिलं आणि मनातून म्हणत होते की नको म्हण, ओळख देऊ नकोस, मी निघून जाते. तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "व्हय, माझी धाकटी भन हाय ती. सख्खी." मग मला म्हणाली, "जेवलीस का पोटभर? ह्या समद्या तुझ्याबरोबरच्या का?" आणि आमच्या नऊजणींच्या टेबलाशी येऊन एकेकीचं नाव विचारलं. ती आजवर तिथं बाहेरच्या दालनात आलीच नव्हती, हे मला नंतर कळलं.

मालकीणबाईंनी पैसे मोजून घेतले. आम्हाला बडीशेप दिली. मंगळवारी सकाळी अक्काला फोन केला, म्हणे तुम्ही थकलात, आता आराम करा. अक्कानं विचारलं, "बाई, म्या थकली असं तुमास्नी कुणी सांगितलं?" तिकडून फोन ठेवला. त्याच दिवशी तिथले पितळी डबे आणि पाटा-वरवंटा घासून घेतले. हे अक्काला शेजारच्या दुकानातल्या बाईनं सांगितलं.

आणि बुधवारी तुझा फोन. तू अक्का कशी आहे हे विचारलं नाहीस. तू म्हणालीस, "तू कशाला विचारायला गेलीस? अठरा वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं." नूतन, सुरळीत कुणाचं? मी नंतर अक्काच्या खोलीवर दोन दिवस राहून आले. तिनं बाबासाहेबांची तसबीर कपाटाच्या दाराला आतून लावली आहे, कारण मालकीणबाईंची मुलगी कधीमधी निरोप घेऊन यायची. इतक्या वर्षांत चौदा एप्रिलला ती एकदाही मिरवणुकीत गेली नाही. तब्येत बरी नाही म्हणून दार लावून घरात बसायची. दाजींच्या वर्षश्राद्धाला काय करता असं तिथं कुणी विचारलं, तर तुझ्या घरात करतात ते ती सांगायची. ते तूच तिला शिकवलं होतंस. माझी बहीण शहाण्या बाईसारखी तुझं घर पाठ करत राहिली आणि स्वतःचं तोंडातून बाहेर येऊ देत नव्हती.

तू म्हणशील, खरं सांगितलं असतं तर काम मिळालं नसतं. मान्य. दाजी गेल्यावरचे ते दिवस होते, तुला सुचलं ते तू केलंस, त्यावर मी तुला बोल लावणार नाही. पण गेल्या दिवाळीत तुला कोणी अडवलं होतं? हजारो लोक वाचतात ते लिहिताना 'शुद्ध' हा शब्द तुझ्या हातून उमटला कसा? दहा-अकरा वर्षांची असताना तू आमच्या घरी अक्काच्या हातचं सुक्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी खायचीस, आणि घरी जाताना ओढ्यात दोन-तीनदा चूळ भरून हात राखेनं घासायचीस, आईला वास येऊ नये म्हणून. मी तुझ्यासाठी चुलीतली राख पानात बांधून आणायचे. तेव्हा ते मला मैत्रीचं काम वाटायचं. आता वाटतं, तू अजून तिथंच वाकून बसली आहेस. आणि मीही काही कमी नाही. भोरात खोली बघायला गेले तेव्हा आडनाव विचारण्याआधीच मी कॉलेजचं नाव पुढं केलं होतं. म्हणून हा राग सगळाच तुझ्यावरचा नाही. पण बराचसा तुझ्यावरचाच आहे.

आता हे पत्र का, ते सांगते. ते माझ्या मनानं लिहिलेलं नाही. मी तर तुझा नंबर काढून टाकणार होते. अक्कानं हट्टानं बसवून लिहायला लावलं. येत्या बुद्धपौर्णिमेला ती बाजारपेठेच्या मागं स्वतःची खानावळ सुरू करते आहे, चार टेबलांची. पाटीवर 'साळूबाई ओव्हाळ' हे नाव तिनं रंगाऱ्याला दोनदा मोठं करायला लावलं. तिचा निरोप तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत तो इतका मऊ राहणार नाही. "नूतनला म्हनावं, तुझ्या यादीत मला घालू नको, मला त्येची गरज न्हाई. पर जेवाय ये. पोरांना घिऊन ये, नवऱ्याला घिऊन ये, दुपारच्या गर्दीत ये. आन कुनी इचारलं कुनाकडं चाललीस, तर चुलतीकडं म्हनू नको. ओव्हाळांच्या साळूकडं चालले म्हन." मी तिला म्हणाले, ती येणार नाही. अक्का म्हणाली, "तू लिव्ह तर." लिहिलं. मी तिथं वाढायला असेन. तुझ्यासाठी भिंतीकडची नाही, दाराजवळची जागा ठेवते आहे.

रागावलेली, तरी अजून तुझीच,
वनिता